गाडी बघायचे रविवार

ती गाडी मला हवी होती की नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती बघायला जायला मला आवडत होतं, एवढं मात्र नक्की.

गाडी दोन सीटची होती. लाल, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, छत मागं दुमडून ठेवता येणारी, परदेशी बनावटीची आणि वीस वर्षं जुनी. असली गाडी आपल्या गावात कुणाकडं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मोबाइलवर जुनं वॉशिंग मशीन शोधता शोधता तिची जाहिरात समोर आली आणि खाली पत्ता गारखेड्याचा. मी उस्मानपुऱ्यात राहतो, स्कूटरवर दहा मिनिटं. म्हटलं, बघून यायला काय जातं.

तेव्हा घरात मी एकटाच होतो. म्हणजे अजूनही आहे. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली ती तीन महिन्यांसाठी, आणि नातू आता दीड वर्षाचा झालाय. मुलगी-जावई दोघं नोकरी करतात, पाळणाघरावर त्यांचा विश्वास नाही, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी. यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. चुकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. त्यात नातवाचं कपाळ दिसतं, मग छत दिसतं, मग "अहो, ठेवते, तो रडतोय" असं ऐकू येतं. जेवणाचा डबा लावलाय. आठवडाभर वाळूजच्या कारखान्यात दिवस निघून जातो, पण रविवारचं काय करायचं ते मला कळेनासं झालं होतं. एका रविवारी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला गेलो तर माझा आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं, आदल्या संध्याकाळी कॉलही आला नव्हता आणि शनिवारी दुपारी कारखान्यातून निघाल्यापासून मी एक शब्दही बोललेलो नव्हतो.

गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले. मूळचे लासूर स्टेशनकडचे शेतकरी. जमीन हायवेत गेली, त्यातून गारखेड्यात बंगला झाला, मुलगा हैदराबादला नोकरीला लागला आणि बायको चार वर्षांपूर्वी गेली. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"पुऱ्या जिंदगीत बैल पळवले," ते म्हणाले. "म्हणलं एकदा हे बी पळवून बघावं. आता गुडघे गेले. आत बसलो की उठायला क्रेन लागती."

त्यांनी एक आकडा सांगितला, मी त्याहून थोडा खालचा सांगितला, ते "व्हय" म्हणाले. सौदा पाच मिनिटांत ठरला, आणि तेच मला रुचलं नाही. आता हो म्हटलं की संपलंच की. मी म्हणालो, "गाडी नीट तपासावी लागेल, अण्णा."

"तपासा की. कुणी नाय म्हणलं?"

आमच्या कारखान्यात गिअर बनतात आणि मी तीस वर्षं तपासणी विभागात आहे. माझ्या हाताखालून माल सहजासहजी पास होत नाही, अशी माझी ख्याती आहे. लोक मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तर मी एक वही केली आणि गाडीची तपासणी सुरू केली. पहिल्या रविवारी नुसता रंग. दुसऱ्या रविवारी टायर. तिसऱ्याला ब्रेक, चौथ्याला बॅटरी आणि वायरिंग. खरं तर जाणत्या माणसाला हे सगळं दोन तासांत उरकता येतं. मी बॉनेट उघडून टॉर्चचा उजेड पाडत वाकायचो आणि अण्णा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोलायचे. त्यांच्या वडिलांच्या खोकल्याचा आवाज आल्याशिवाय जागचा न हलणारा एक बैल होता. वडील गेल्यावर दोन महिने अण्णा औताच्या मागं खोटं खोटं खोकत चालले. हे सांगताना त्यांनी तो खोकलाही काढून दाखवला. मीही बॉनेटमध्ये तोंड घालून त्यांना काहीबाही सांगायचो. बंगळुरूला आज पाऊस आहे की ऊन, हे मी रोज सकाळी मोबाइलवर बघतो, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. उठून चहा टाकायला गेले. त्यांचा चहा म्हणजे साखरेचा पाक असायचा, पण मी दोन-दोन कप प्यायचो.

पाचव्या रविवारी आम्ही गाडी बीड बायपासला काढली. गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट खर्रकन घासलं आणि अण्णांनी स्वतःचं पोट धरलं. पुढं रस्ता मोकळा मिळाला तसं छत मागं टाकलं आणि मी पाय दाबला. इंजिनाची घरघर पाठीतून वर चढली. मी मोठ्यानं हसलो. इतकं मोठ्यानं, की अण्णांनी वळून बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

त्या संध्याकाळी बायकोला गाडीचं सांगितलं. ती म्हणाली, "दोनच सीटची? आणि पाहुणे आले तर?"

"कोण येणार आहे?" मी म्हणालो.

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून झालं होतं. मग नातू रडला आणि दोघंही सुटलो.

श्रावण लागला आणि माझी वही भरली. सीटचं कव्हर फाटलेलं आणि एसी जरा कमजोर, याखेरीज गाडीत खोट निघेना. आता काहीतरी बोलणं भाग होतं. हो म्हटलं तर गाडी माझ्या पार्किंगमध्ये येणार आणि रविवार संपणार. नाही म्हटलं तरी रविवार संपणारच. मी वही मिटून उभा होतो, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "चांगला दिवस बघून न्या म्हणजे झालं. तुमच्या घराण्यात पंचांग असंलच की."

आजोबा भिक्षुकी करत, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मी स्वतः तीस वर्षांत पंचांग उघडलेलं नव्हतं. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर दुधाचे खाडे लिहायला. पण मी ते वाक्य बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. दुसऱ्याच दिवशी गुलमंडीवरून पंचांग आणलं आणि चष्मा लावून बसलो. देव मानत नाही म्हणणारा मी, प्रत्येक रविवारी काहीतरी वाईट शोधून काढू लागलो. कधी भद्रा, कधी व्यतीपात, कधी अमावास्या तोंडावर आलेली. ज्याला खोट काढायचीच आहे त्याला पंचांगासारखं पुस्तक नाही.

"काय भटजी, आज काय निघालं?" मी फाटक उघडलं की अण्णा विचारायचे.

"आज क्षयतिथी आहे, अण्णा."

"मग काय करता! बसा, चहा टाकतो."

मला वाटायचं, किती भाबडा माणूस. आपण काहीही सांगावं आणि यानं मान डोलवावी.

गणपती झाले आणि पितृपंधरवडा लागला. इथं मी अडकलो. साध्या भद्रेला महिनाभर गाडी अडवून धरणारा माणूस ऐन पितृपक्षात गाडी बघायला कोणत्या तोंडानं जाणार? मोडायचा तर सगळाच बनाव मोडायला हवा होता, आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मी गंभीर चेहरा करून अण्णांना सांगितलं, "या पंधरवड्यात वाहनाकडं बघूसुद्धा नये. आता एकदम दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला आहे, पंचांग उघडायचीही गरज नाही."

"पार दसऱ्यापातुर यायचंच नाय?" ते म्हणाले. "चहा प्यायला बी?"

"नियम म्हणजे नियम, अण्णा," मी हसत म्हणालो. काय कमावलं मी ते बोलून, देव जाणे.

ते रविवार मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. स्वयंपाकघरातले डबे खाली काढले, पुसले, पुन्हा लावले. एकदा स्कूटर काढून गारखेड्याच्या चौकापर्यंत गेलो आणि पेट्रोल भरून परत आलो. फोन करायलाही काही निमित्त सापडेना. नवरात्रातल्या रविवारी कारखान्यात जादा पाळी लागली, तर मला चक्क बरं वाटलं. तोवर माझं ठरलं होतं, गाडी घ्यायची. दसऱ्याला कुठलीच सबब चालणार नव्हती आणि सबबी सांगून मीही थकलो होतो. शिवाय मनाशी म्हटलं, जुनी गाडी आहे, काहीतरी बिघडेलच. बिघडली की विचारायला अण्णांकडं जाता येईल.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा मोठा हार, आपट्याची पानं आणि पेढे घेऊन मी फाटक उघडलं. पोर्च रिकामा होता. फरशीवर तेलाचा डाग आणि खुर्चीवर घडी घातलेलं गाडीचं कव्हर.

अण्णा आतून आले. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "या भटजी, या! किती दिवस झाले."

"गाडी?"

"गेली की. परभणीचा एक डॉक्टर आला, ऐन पित्रात. म्हणला, मी असलं काय मानत नाय. घेऊन गेला." मग ते खुर्चीवरचं कव्हर बाजूला करत, मला जागा करून देत म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला गाडीशी काय घेणंदेणं नाय. चार महिने कुणी एक गाडी तपासतंय व्हय? तुम्ही बोलायला येता, कळत होतं की मला. मी तरी कुणाशी बोलतो? म्हणलं, गाडी गेली तर गेली. तुमची ती खामखा पंचांग काढायची दगदग तरी वाचंल. आता नुसतं येत जा."

एवढं सरळ माझ्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. आणि माझे कान तापले. म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी भद्रा सांगत होतो, क्षयतिथी सांगत होतो, आणि हे सगळं कळून चहा टाकत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या दारात चार शब्द मागायला येतो, हे उघड पडलं होतं. मला त्याची इतकी लाज वाटली, की मी म्हणालो, "नाही अण्णा. मला गाडीच घ्यायची होती. पैशांची सोय करून आलोय."

त्यांचा चेहरा पडला. खुर्चीशी वाकलेले ते, तिचा हात धरून, गुडघे सावरत सरळ झाले आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

"मग चुकलं माझं, सायेब. तुमचा माल मी दुसऱ्याला दिला."

"असू द्या," मी म्हणालो. भटजीचा साहेब झालेला मला ऐकू आला होता. तरीही मी शब्द मागं घेतला नाही. आम्ही एकमेकांना आपट्याची पानं दिली. मी त्यांच्या पाया पडलो. पेढे त्यांनी घेतले, एक खाल्लाही. बसा मात्र म्हणाले नाहीत. ज्याचं नुकसान केलं त्याला चहाला थांबवायचं कसं, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर त्यांचा अधूनमधून फोन येतो. जालन्याला एक गाडी निघाली, नाशिकला एक आहे, पुतण्याला सांगून ठेवलंय. परवाही आला होता. "सायेब, तशीच हाय, लाल. मालकाचा नंबर लिहून घ्या. तुम्हाला गाडी मिळाल्याबिगर माझ्या जिवाला चैन पडायचं नाय."

मी नंबर लिहून घेतो आणि आभार मानतो. अण्णांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलाय.