पंचाक्षरी सरांचं 'निअर'

मुरुम गावात पंचाक्षरी सरांच्या हातचा मार न खाता इंग्रजी शिकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मराठीत एक 'जवळ' म्हटलं की भागतं, इंग्रजीचं तसं नाही, हे ते छडीनं समजावत. पोराचा तळवा पुढं घ्यायचा. छडी वीतभर वर धरली की 'निअर'. वारं लागावं इतकी खाली आणली की 'क्लोज'. कातड्याला टेकवली की 'टचिंग'. पोरगं चुकलं की 'पुन्हा सांग' म्हणत ती सणकन उतरायची आणि वर्ग खदाखदा हसायचा.

तळवा बहुतेक वेळा सिद्धेश्वरचा, म्हणजे सरांच्याच पोराचा असायचा. दुसऱ्याचं पोर घेतलं तर त्याचा बाप भांडायला यायचा. याचा बाप तर छडी घेऊनच उभा! घरीसुद्धा 'अप्पा' म्हणायची सोय नव्हती, 'सर'च म्हणायचं. पोराला कधी मांडीवर घेतलं नाही, हे सर चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत.

यंदा पाडव्याला अर्धांगवायूनं सरांचं उजवं अंग गेलं. वाचा तेवढी राहिली, तीही बोबडी. जुने विद्यार्थी आले, पाया पडले, गेले. उरला सिद्धेश्वर.

एका दुपारी सरांच्या घशाला कोरड पडली होती. सिद्धेश्वरनं पाण्याचा पेला आणून स्टुलावर ठेवला. सरांनी डावा हात लांबवला, तो पुरला नाही.

"सर, पेला कुठं हाय?"

सरांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं हसू नव्हतं.

"निअर," ते कसंबसं म्हणाले.

त्यानं स्टूल जरासं पुढं सरकवलं. "आन आता?"

"क्लोज."

"अवो, द्या की पानी त्यास्नी," दारातून त्याची बायको दीपमाला कळवळून म्हणाली.

"थांब. शिकवणी चालू हाय."

सरांनी अंग रेटलं. बोट पेल्याला लागलं. 'टचिंग' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच पेला कलंडला आणि पाणी फरशीवर सांडलं. म्हाताऱ्याला रडू फुटलं.

"सिद्धू... अप्पा हाय रं मी तुजा."

सिद्धेश्वरनं पेला उचलला, भरून आणला. स्टूल पहिल्या जागी मागं ओढलं आणि पेला त्यावर ठेवला.

"पुन्हा सांगा, सर."