माझ्याच हातची लेथ

लेथला रंग दिला म्हणून कुणी एवढं चिडतं का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. रंग द्यायचाच होता तर अंगाला द्यायचा. धाकट्या मालकांनी तो बेडलासुद्धा फासला होता. बेड म्हणजे लेथचे ते दोन गुळगुळीत लोखंडी रूळ, ज्यांच्यावरून कापणारं टूल पुढंमागं सरकतं. तिथं धुळीचा कण चालत नाही. बावीस वर्षं मी रोज संध्याकाळी ते रूळ पुसले, तेलाचा हात फिरवला, वर जुना टॉवेल अंथरला आणि मगच सायकलला टांग मारली. त्या सोमवारी शेडमध्ये शिरलो तर दोन्ही रूळ पोपटी हिरवे. रंग अजून बोटाला लागत होता.

"कशी दिसतीय मामा?" धाकटे मालक म्हणाले. "एकदम शोरूम पीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला ती लेथ विकत घ्यायची होती, म्हणून जीभ दाताखाली धरली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं हे छोटं वर्कशॉप. आजूबाजूला टॉवेल-चादरींचे माग, आणि त्या मागांचं जे झिजेल, तुटेल ते आमच्याकडं यायचं. बुश, पुल्या, शाफ्ट. ते सगळं लेथवर लोखंड कातून बनवणारा टर्नर मी एकटाच. थोरल्या मालकांचे गुडघे गेले, ते शुक्रवार पेठेतल्या घरातून बाहेर पडेनासे झाले, आणि पोरानं, म्हणजे धाकट्या मालकांनी, शेड गोडाऊनसाठी भाड्यानं द्यायचं ठरवलं. मशिनी विकायला काढल्या. माझ्या वयाच्या टर्नरला आता कोण उभं करतं? सगळीकडं कॉम्प्युटरवाल्या मशिनी आल्यात. मी घराजवळ एक पत्र्याचा गाळा बघून ठेवला होता. लेथ मिळाली तर मी माझा मालक, आणि नाही मिळाली तर कुठल्या तरी गेटवर शिटी घेऊन वॉचमन. एवढा सरळ मामला होता.

"तुमच्यासाठी म्हणून एक लाख चाळीस," धाकटे मालक म्हणाले. "बाहेर दीडच्या खाली बोलणार नाही मी. कंडिशन बघा की! एवढी जुनी लेथ, पण आवाज आहे का? असा मेन्टेनन्स कुठं बघायला मिळतो, सांगा."

हे मला सांगत होते! मेन्टेनन्स म्हणजे कोण, मीच की. म्हणजे मी तिला जितकं जपलं तितकी ती मला महाग पडणार. हाणून-मारून वापरली असती, तेल न घालता खडखडवली असती, तर तीच आज मला स्वस्तात मिळाली असती. हा कुठला न्याय? शेजारच्या शेडमधला टर्नर बेडवर चहाचा ग्लास ठेवायचा, तो शहाणा ठरला आणि मी येडा.

"इचार करून सांगतो," मी म्हणालो. थिनरचा डबा घेतला, चिंधी घेतली आणि बेडवरचा रंग काढत बसलो. दुपार झाली. धाकटे मालक दोनदा येऊन बघून गेले. त्यांना वाटलं, मामा खूश होऊन मशीन चमकवतायत.

तिला मी एवढं का जपलं, तेही सांगतो. दर खंडेनवमीला मशिनी बंद ठेवून आम्ही त्यांची पूजा करायचो. झेंडूचे हार, कुंकू, नारळ. थोरले मालक लेथच्या हँडलला मागावरून उतरलेला नवा कोरा टॉवेल बांधायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचे, "ही तुझी रे. आमचं दुकान उठलं की हिला तूच न्यायची." दर वर्षी. पूजेच्या वेळी, हातात निरांजन असताना माणूस खोटं कशाला बोलेल? मी ते धरून बसलो. रविवारी शेड उघडून एक गिअर स्वतः कापला. टूल धरायचा टूलपोस्ट बनवला. बुश घातले, तेही माझ्या पैशानं आणलेल्या गनमेटलचे. एकदा टूल पुढं नेणारा आतला नट पार झिजला. मालक म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात. मी घरी कुरकुर करत बसलो तर बायकोनं फळीवरचं पितळेचं तपेलं काढून दिलं. तिच्या आईनं केम गावाहून लग्नात दिलेलं, बुडाला चीर गेलेलं. तिनं ते हातात एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "न्या. पडूनच हाय." त्याचा नट ओतून घेतला, आटे मी पाडले. आजतागायत तो नट घट्ट आहे.

अशी चूक आमच्यासारख्यांनीच करावी. दुसऱ्याच्या मशीनमध्ये आपलं घर घालायचं, आणि तेही कुणी न सांगता.

त्या संध्याकाळी मी किंमत ठरवायला बसलो. बायको ताटात ज्वारी निवडत होती, मी मोठ्यानं बोलत होतो. विकत घेणाऱ्यानं खरं तर दोष काढायचे असतात. दोष मला तोंडपाठ होते. मागांचे जॉब सगळे आखूड, त्यामुळं ते जिथं धरतात त्या चकजवळचा हातभर बेड झिजलेला आणि पुढचा कोरा करकरीत. परका माणूस आला असता तर टूल एकदा या टोकाकडून त्या टोकाकडं नेऊन बघितलं असतं. चकजवळ सैल, पलीकडं घट्ट. मग नाक मुरडून वीस हजार पाडून मागितले असते. मला ते तोंडानं म्हणवेना. आपल्याच पोरीची खोड आपणच पाहुण्यांना सांगितल्यासारखं वाटत होतं. तरी मनात धरलं. झीज धरून, वय धरून तिची खरी किंमत एक लाख दहा. त्यातून माझे रविवार, गिअर, टूलपोस्ट, बुश यांचे वीस वजा. नव्वद. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

"समदं धरलं का नीट?" बायकोनं ताटातून मान वर न करता विचारलं.

"व्हय की. समदं."

ती पुन्हा खडे वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शुक्रवार पेठेत गेलो. थोरले मालक दिवाणावर पाय पसरून टीव्ही बघत होते. मी त्यांना खंडेनवमीची आठवण दिली. फुकट मागत न्हाय, म्हणालो, पर माझ्याच कामाचं पैसं माझ्याकडनं घेऊ नका. नव्वद देतो, पोराला एक शब्द टाका.

ते म्हणाले, "आठवतंय रे मला."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"पण आता सगळं त्याच्या हातात आहे. त्याला विचार."

विसरलो म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं. म्हातारपणात माणूस विसरतो. यांना आठवत होतं, आणि आठवत असताना त्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली. आतून चहा आला. तो तसाच ठेवून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातला चहा टाकला मी, आणि जिना उतरताना वाटलं, आधीचेही टाकायला हवे होते.

शेडवर पोचलो तेव्हा धाकटे मालक लेथचे फोटो काढत होते.

"धाकटं मालक, नव्वद देतो. रोख."

"नव्वद?" ते हसले. "मामा, चेष्टा करता की काय? एक पार्टी एक वीसला तयार आहे, फोटो बघूनच."

"थोरल्या मालकांनी दर साली शबुद दिलाय मला. समद्यांम्होरं."

"लिहून दिलंय का काही?"

"पूजंला कुणी लिवून देतंय व्हय?"

"मग कसं होणार मामा? आणि तुम्ही जे केलं त्याचा पगार मिळत होताच की तुम्हाला."

पगार! शनिवारपर्यंतचा मिळत होता. रविवारचा कुणी दिला? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या पेटीतून पाना काढला, बेडवर टॉवेल अंथरला आणि सुरुवात केली. आधी आड येणारं हँडल काढलं. मग टूलपोस्ट. मग दोन्ही बुश. झाकण उघडून गिअर ओढून काढला. शेवटी आतला पितळेचा नट. एकेक वस्तू त्यांच्या समोर टॉवेलवर मांडत गेलो.

"अहो मामा, काय करताय? मामा!"

"ह्यातलं तुमच्या घरातनं काय आलंय ते उचला. बाकीचं माझं हाय. आन आता हिची कंडिशन बघा."

टूलचा ठोकळा मी नुसत्या बोटानं ढकलला. तो लटलटत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. अंगावरचा हिरवा रंग मात्र झकास चमकत होता. काढा म्हणावं फोटो!

धाकटे मालक दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, आता भांडतील, पोलिसांचं नाव काढतील. मी तयारीतच होतो, तेवढा राग अंगात होता. पण तो शिकलेला माणूस. त्यानं खिशातून मोबाइल काढला, कुणाशी तरी बोलला आणि अगदी शांतपणे मला म्हणाला, "भंगारवाला वजनावर चाळीस म्हणतोय. जाऊ द्या मामा. तुम्हीच चाळीस द्या आणि घेऊन जा. मला शेड रिकामं करायचंय."

जिंकलो होतो मी. नव्वद ठरवून आलो होतो आणि चाळीसला मिळत होती. सुटे भाग माझेच, घरी जाऊन बसवायचे की लेथ तयार. शहाण्या माणसानं हात जोडले असते आणि टेम्पो बोलावला असता.

पण तो भंगार म्हणाला. बावीस वर्षं रोज संध्याकाळी मी काय पुसत होतो मग? भंगार? एक चाळीस मागितले तेव्हा राग आला होता, पण त्यात निदान माझ्या हाताची किंमत होती, भले ती तो स्वतःच्या खिशात घालणार होता. चाळीसमध्ये मी कुठंच नव्हतो. असा राग मला जन्मात आला नसेल.

"चाळीस न्हाय," मी म्हणालो. "नव्वद."

"मामा, तुम्ही नीट ऐकलं नाहीत. मी चाळीस म्हणतोय."

"आयकू येतंय मला. हितंच हुबं राहा."

सगळं परत बसवलं, एकेक करून, त्यांच्या देखत. नट, गिअर, बुश, टूलपोस्ट, हँडल. त्यांना खुर्ची दिली नाही. मग चकमध्ये एक सळई धरली, मशीन चालू केली आणि एक कट मारला. चकचकीत, सलग साल निघाली. ती त्यांच्यापुढं धरली.

"ह्याचं नव्वद. मोजून घ्या."

त्यांनी दोनदा मोजले. मी शुद्धीवर आहे ना, अशा नजरेनं माझ्याकडं बघत टेम्पोला वाट करून दिली.

लेथ गाळ्यात उतरली तेव्हा बायको हळद-कुंकू घेऊन आली. मी घडलेलं सगळं सांगितलं, जरा छाती काढूनच सांगितलं. ती ऐकत होती आणि पदरानं हँडल पुसत होती.

"म्हंजी चाळीसला देत व्हता त्यो?"

"व्हय."

"आन तुमी नव्वद दिलं."

मी भडकलो. सगळी आग पुन्हा वर आली. कुणाला कळत नाही, निदान हिला तरी कळावं! म्हणालो, फुकटचं कुणाचं नको मला, आन माझं कुणी फुकट घ्यायचं न्हाय. हिशेबानं दिलंय. माझा एकेक रविवार वजा केलाय त्यातनं, गिअर वजा केलाय, बुश वजा केलेत. माझ्या कष्टाचा एक पैसा सोडला न्हाय मी. ज्यानं घातलंय त्याचं त्याला धरायलाच पायजे!

तिनं मला बोलू दिलं. मग वाकून, टूलच्या ठोकळ्याखाली जिथून तो पिवळा नट थोडासा दिसतो, तिथं कुंकवाचं बोट टेकवलं.

"आन माझ्या तपेल्याचं किती वजा केलं?"

राग अंगात होताच, चांगला उकळत होता. पण तो काढायला आता माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.