नावं बदलली, वाणं राहिली

माझ्यामुळे अमेरिकेत भांडणं झालेली आहेत. मी स्वतः नाशिक रोड सोडून फारशी कुठे गेलेले नाही.

गोष्ट २००८ च्या संक्रांतीची. आमच्या समीरचं लग्न त्याच्या आदल्या मे महिन्यात झालं आणि नामपूरची वैशाली सून म्हणून घरात आली. तिच्या मागोमाग इंटरनेटही आलं. मला लिहायची खाज पहिल्यापासून. शाळा जुन्या अकरावीत सुटली, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून आपणही लिहावं असं वाटायला लागलं होतं. वैशालीने मला एक ब्लॉग उघडून दिला.

"ब्लॉग म्हणजे काय?" यांनी विचारलं.

"डायरी असते बाबा. सगळ्यांनी वाचायची."

"मग ती डायरी कसली?" असं म्हणून हे परत पेपरात शिरले. (संसारात यांची बरीच वाक्यं मी खोडून काढली आहेत. हे एक खोडू नये, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.)

"तुम्ही बोलता तसंच सांगा आई, मी टाइप करते," वैशाली म्हणाली. मी भाजी निवडत बोलायचे, ती खडखड टाइप करायची. पहिले चार लेख तीन माणसांनी वाचले: मी, वैशाली आणि तिचा भाऊ. भावाने वाचले की नुसते उघडले, हे मी खोदून विचारलं नाही.

मग संक्रांत आली आणि मला वाणांवर लिहायचं सुचलं. आमच्या कॉलनीत दोन बिल्डिंगा आणि बत्तीस घरं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू, आणि प्रत्येक घरी वाण म्हणून काहीतरी वस्तू. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू वर्षभर माळ्यावर आराम करतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या घरी मुक्कामाला जातात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त बोलायचं नसतं. मी बोलले, आणि वैशालीने टाइप केलं.

एका साबणदाणीबद्दल मी लिहिलं की तिला खाली भोकंच नव्हती, त्यामुळे आमच्या साबणाने तिच्यात जलसमाधी घेतली. आणि एका चहाच्या गाळणीबद्दल लिहिलं की तिला मात्र इतकी मोठी भोकं होती, की चहापत्तीच काय, देणारीची दानतसुद्धा त्यातून गळून जावी. या वाक्यावर मी स्वतःच दोनदा हसले. वैशाली टाइप करता करता थांबली.

"आई, कुणाला राग नाही ना येणार?"

"नावं बदललीत ना आपण?"

नावं मी फार काळजीने बदलली होती. कुसुमताईंना अलका केलं, सुलभाताईंना विमल. वाणं मात्र जशीच्या तशी राहिली. आता आमच्या कॉलनीत एखाद्या बाईचं नाव विसरेल माणूस, पण तिने कोणत्या वर्षी काय दिलं ते कुणी विसरत नाही. "गाळणीवाली" म्हटलं की दोन्ही बिल्डिंगा एका खिडकीकडे बघतात. चोराने तोंडाला रुमाल बांधावा आणि शर्टावर आपलं नाव भरून घ्यावं, असला माझा बंदोबस्त.

तरी एक वेळ ते खपलं असतं, कारण कॉलनीतल्या एकाही बाईच्या घरी इंटरनेट नव्हतं. पण त्यांची मुलं अमेरिकेत होती. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना वैशालीने लेखाखालची प्रतिक्रिया वाचून दाखवली. कुसुमताईंच्या नितीनची होती, न्यू जर्सीहून.

"काकू, ही गाळणी माझ्या आईची आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तोवर लेख वाचणाऱ्या परक्या लोकांना कुसुमताई कोण हे माहीतही नव्हतं. आता झालं. नितीनच्या खाली कुणा "मिसळसम्राट" नावाच्या माणसाने लिहिलं, "विनोद विनोदासारखा घ्या राव."

नितीन: "तुमच्या आईवर केला असता म्हणजे?"

मिसळसम्राट: "माझ्या आईने स्टीलची दिली असती."

इथून पुढे माझी कुणाला गरज उरली नाही. दुबईच्या एका गृहस्थांनी विचारलं, आपल्याच सणांची चेष्टा का? त्यावर एकाने दुबईत राहून सण शिकवू नका म्हणून सुनावलं. कुणीतरी मला बायकांची शत्रू ठरवलं, कुणी बायकांची कैवारी. एका मुलीने मधेच तिळाच्या वड्या खुटखुटीत होण्यासाठी काय करावं असं विचारलं. तिला कुणी उत्तर दिलं नाही. (मी दिलं. पाक कच्चा ठेवत असशील, म्हटलं.)

वाचणारे वाढले, तशी मी थोडी फुगले हे कबूल करते. तीन वाचकांवरून माणूस एकदम एवढ्या गर्दीत आलं की पाय जमिनीवर राहत नाहीत. समीर म्हणाला, "आई, माफी मागून मोकळी हो." मला पटलं. मी माफीनामा सांगायला बसले, पण सुरुवात झाली आणि जीभ सुटली. "मी त्या गाळणीची, आणि तिच्या प्रत्येक भोकाची स्वतंत्रपणे क्षमा मागते," असं ते चालू झालं ते थांबेचना.

यांनी प्रिंट हातात घेऊन चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माफी दोन ओळींची असते. ही दोन पानांची आहे."

"मनापासून मागितलीय."

"त्या मिसळवाल्याची."

आणि खरंच, मिसळसम्राट खूश झाला. "काकू रॉक्स," त्याने लिहिलं. वैशालीने त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा कुठे मला दगड मारल्यासारखं वाटायचं थांबलं. माझ्या बाजूचे लोक आता नितीनला "गाळणीपुत्र" म्हणायला लागले होते. मी पाहिलेल्या लहानपणीच्या नितीनला, जो आमच्याकडे बसून पोळीचा लाडू खायचा. मला कुणी काही वाईट बोललं असतं, तर मी एक वेळ उलटून बोलले असते. पण माझी बाजू घेणारे जे बोलत होते, त्यांना आवरायचं कसं ते मला येत नव्हतं.

मग लेख इमेलवरून फिरायला लागला. समीरच्या अंबडच्या कंपनीत तो त्याच्यापर्यंत परत आला, वर लिहिलेलं, "नाशिकच्या काकूंचा धमाल लेख, हसून हसून पोट दुखेल."

"आई, पोट दुखतंय," तो घरी येऊन म्हणाला, "पण हसून नाही." त्याने तिथल्या तिथे वाणांचा आणि माफीचा, दोन्ही लेख काढून टाकले. त्यावर एका जुन्या लेखाखाली येऊन मिसळसम्राट म्हणाला, काकूंचा आवाज दाबला. नितीन म्हणाला, पुरावा नष्ट केला. दोघांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.

रविवारी अमेरिकेतून सगळ्यांच्या घरी फोन आले. आमच्या ए बिल्डिंगमधली बातमी बी बिल्डिंगमध्ये पोचायला दोन जिने पुरे असतात. ही न्यू जर्सीमार्गे आली, पण वाटेत जाडजूड होऊन आली. सोमवारी भाजीच्या गाडीवर सुलभाताई, म्हणजे साबणदाणी, भेटल्या.

"मेथी बरी दिसतेय," मी म्हणाले.

सुलभाताईंनी हातातली जुडी परत ठेवली. "नको बाई. आमच्या जुडीला माती फार. उद्या अमेरिकेत छापून यायचं."

"सुलभाताई, अहो, गंमत होती ती."

"हो ना. नितीनने वाचून दाखवली म्हणे कुसुमताईंना. फोनवर. खूप हसल्या असतील."

कुसुमताईंकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि यांना सांगितलं की त्या घरी नव्हत्या.

आता यात सगळ्यात वाईट काय, तर वैशालीची ती पहिली संक्रांत. नव्या सुनेला काळी साडी नेसवायची, हलव्याचे दागिने घालायचे आणि साऱ्या कॉलनीने येऊन तिला बघायचं, तिच्याकडून हळदीकुंकू घ्यायचं. नामपूरहून विहीणबाई आल्या त्या मांडीवर डबा घेऊन, एसटीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. हलव्याचा एकेक दाणा त्यांनी घरी मंद शेगडीवर फुलवला होता. मंगळसूत्र, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र आणि काटेरी. मी शनिवारी संध्याकाळी पाचचं बोलावणं केलं. शुक्रवारी कळलं की सुलभाताईंनीही हळदीकुंकू ठेवलंय. शनिवारी, संध्याकाळी पाचलाच.

पाच वाजले, साडेपाच वाजले. वैशाली काळ्या साडीत खुर्चीवर बसून होती. पाठ टेकली तर हार तुटेल म्हणून ताठ. आमच्याकडे तोवर एकच बाई आली होती, ती म्हणजे खालच्या मजल्यावरची भाडेकरीण. तिला कॉलनीत येऊन आठवडा झाला होता.

विहीणबाई खिडकीतून बाहेर बघून मागे वळल्या. "बाया कोठे शेतस, ताई?"

"येतील. इथे जरा उशिराच येतात."

"पोरीले मुंग्या लागी ऱ्हायन्यात," त्या म्हणाल्या. खरंच वैशालीच्या कंबरपट्ट्याला मुंग्यांची रांग लागली होती. आमच्या बोलावण्याला सगळ्यात जास्त प्रतिसाद त्यांनीच दिला होता.

वैशाली हळूच म्हणाली, "आई, टाइप मीच केलं होतं. माझंही चुकलंच."

ते ऐकून मात्र मला बसवेना. मी चप्पल घातली आणि सरळ बी बिल्डिंगमध्ये सुलभाताईंच्या दारात जाऊन उभी राहिले. हॉल बायकांनी गच्च भरलेला. मला पाहून बोलणं थांबलं. पण हळदीकुंकवाच्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवता येत नाही. सुलभाताईंची पंचाईत झाली. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायचं असतं, ते म्हणाल्या नाहीत. मग आतून वाण घेऊन आल्या. बाकी सगळ्यांच्या मांडीवर ते उघडं होतं. माझं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर चार रबरबँड.

"घरी जाऊन बघा," त्या म्हणाल्या.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कोपऱ्यात बसलेल्या कुसुमताईंपुढे गेले. मनात चांगली वाक्यं जुळवून आणली होती, एकही आठवलं नाही.

"कुसुमताई, मी चुकले."

त्यांनी हातातला तिळगूळ बाजूला ठेवला. "त्या वर्षी हे तीन महिने अंथरुणावर होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हळदीकुंकू चुकवायचं नाही. बाजारातून तेवढ्याच आणता आल्या."

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण मला माहीत होतं. त्या तीन महिन्यांत कितीदा तरी मीच त्यांच्या घरी डबा पोचवला होता. लिहिताना मला गाळणी तेवढी आठवली, ते वर्ष आठवलं नाही.

शेवटी कुसुमताईच उठल्या. "पोरगी केव्हाची नटून बसलीय?"

"पाचपासून."

"मग चला की. तिने काय केलंय कुणाचं?" त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. त्या उठल्यावर बाकीच्यांना बसून राहायला कारण उरलं नाही. सुलभाताई दोन मिनिटं चुळबुळल्या आणि दाराला कडी लावून आल्याच.

आमच्या हॉलमध्ये एकदम वीस बायका शिरल्या. कुणी वैशालीच्या अंगावरच्या मुंग्या झटकल्या, कुणी नथ सारखी केली. विहीणबाईंचं तर इतकं कौतुक झालं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याशी मात्र कुणी सरळ बोलत नव्हतं. सगळा कारभार वैशालीमार्फत.

"वैशाली, सासूबाईंना विचार, तीळ पॉलिशचे का?"

"सांग गं त्यांना, साधेच आहेत."

"चांगले झालेत म्हणावं. आणि हे लिहू नका म्हणावं."

वाण म्हणून मी स्टीलचे डबे आणले होते. एकीने झाकण लावून पाहिलं, दुसरीने डबा उजेडात धरला. सुलभाताईंनी तर त्यात पाणी ओतून तो गळत नाही याची खात्री करून घेतली. मी सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणून दिलं. जाताना कुसुमताई म्हणाल्या, "येते शालिनीताई." त्या दिवशी माझं नाव घेणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या दिवशी मी ब्लॉगवर दोन ओळींची माफी लिहिली. एका बोटाने, स्वतः टाइप करून. त्यावर मिसळसम्राटाने लिहिलं, काकू दबावाला बळी पडल्या, आजपासून वाचणं बंद. नितीनने विचारलं, ही खरी माफी आहे की पुन्हा चेष्टा? कुसुमताईंनी त्याला फोनवर झापलं म्हणतात. तरी ते दोघं होळीपर्यंत भांडत होते. कशावरून, ते शेवटी शेवटी त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी मात्र त्या दिवसापासून नियम केला: दुसऱ्या कुणाबद्दल लिहायचं नाही. (सुलभाताईंच्या त्या चार रबरबँडांच्या आत काय निघालं, तेही नाही.) टिंगल करायची तर स्वतःची. माझा घोळ, माझा आगाऊपणा, माझी फाटकी जीभ, सगळं तिखटमीठ लावून लिहिते. आता कॉलनीत घरोघरी इंटरनेट आहे आणि सगळ्या वाचतात. पण इतक्या वर्षांत एकीनेही येऊन "अहो, इतक्या काही वाईट नाही तुम्ही," असं म्हटलेलं नाही. परवा सुलभाताई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण बरंच राहिलंय."