दोन पेडलची गाडी

समस्त डहाणू आणि तलासरी तालुक्यातील सुजाण नागरिकांस, तसेच रस्त्यात बसून रवंथ करणाऱ्या तमाम गुरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या भागातली क्लच नसलेली ती जुनी पांढरी जर्मन गाडी आणि ती चालवणारा विनायक, या दोघांचीही वर्दळ यापुढे बंद झाली आहे. गुरांनी निर्धास्त बसावं... लाऊडस्पीकर भाड्याने देणं आणि वेळ पडली तर त्यावर बोलणं हा माझा धंदा. त्यामुळे त्या सकाळी विनायकच्या बायकोचा, उषावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठत नाहीयेत," तेव्हा चपला शोधता शोधता माझ्या डोक्यात ही घोषणा तयार होत होती. माझी मलाच लाज वाटली. विनू असता तर म्हणाला असता, "भोंग्या, 'तमाम' काढ, लांबतंय." त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. 'तमाम' काढ असं सांगणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून तो शब्द तसाच ठेवलाय.

विनूचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं लुळा पडला होता. आगरच्या रस्त्याला चिकूची वाडी, दारात जीप, पण हा जन्मभर ड्रायव्हरच्या शेजारी बसला. आधी वडील चालवायचे, मग पगारी माणूस, मग मुलगा नीलेश. "मी म्हणजे चिकूची पेटी, कोणीतरी उचलून ठेवायची," असं तो हसत म्हणायचा आणि हसून झालं की बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायचा. तेव्हा क्लच नसलेल्या गाड्या आजच्यासारख्या गल्लोगल्ली दिसत नव्हत्या. पन्नाशीच्या आसपास त्याला घोलवडच्या एका वाडीत, टपावर कोंबड्या बसलेली ही गाडी सापडली. मी आत डोकावलो आणि म्हटलं, "मालक, एक पेडल चोरीला गेलंय." विनू हसला नाही. तो आत बसला, उजवा पाय एकदा ब्रेकवर ठेवला, एकदा ॲक्सिलरेटरवर. डाव्या पायाला कामच नव्हतं. "भोंग्या," तो हळूच म्हणाला, "ही माझ्या मापानं शिवलीय." महिन्याभरात तो एकटा वेवजीला बहिणीकडे गेला. बहीण अंगणात आली, मागच्या सीटवर वाकून बघितलं आणि विचारलं, "तुला आणलं कोणी?" ही गोष्ट त्यानं मला इतक्यांदा सांगितली की बहिणीचा आवाज मी त्याच्यापेक्षा चांगला काढतो.

पुढे गाडी म्हातारी झाली. गिअरचा दांडा डी वर टाकला की काही घडायचंच नाही. आपण श्वास धरून बसायचं... आणि मग खालून धाडकन धक्का येऊन ती निघायची. "विचार करते ती," विनू म्हणायचा. हा विचार दिवसेंदिवस लांबत गेला आणि एक दिवस रिव्हर्स पडायचाच थांबला. विनूनं मग रिव्हर्स नसलेला तालुका शोधून काढला. कुठल्या दुकानासमोर वळता येतं, कुठल्या देवळाला मागून वाट आहे, गंजाडला कोणाच्या खळ्यातून गोल फिरून परत रस्त्याला लागता येतं, सगळं त्याला पाठ. ज्यांच्या दारातून गाडी मागे घ्यावी लागेल अशा नातेवाइकांशी संबंध हळूहळू कमी झाले. त्यातले काही तसेही कमी व्हायला हवे होते.

तलासरीला हायवेवर जिग्नेशभाईचं गॅरेज आहे. ट्रकच्या कामात हुशार माणूस. तो गाडीत बसला तेव्हा त्याचा डावा पाय कितीतरी वेळ हवेत क्लच शोधत होता. इंजिन बंद करून त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. "तेल तो फुल छे, विनूभाई. बघा ने. अंदरथी गयेलो." मग त्यानं उपाय सांगितला: हा गिअरबॉक्स भंगारात, जीपचा साधा गिअरबॉक्स बसवायचा, क्लच द्यायचा, गाडी पुढची कित्येक वर्षं पळेल. नीलेशला पटलं. "बाबा, गाडी तरी वाचेल. मी नेईन ना तुम्हाला." विनूनं मुलाकडे बघितलं. "नेशील रे," म्हणाला, "मला ठाऊक आहे नेशील." आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर तो मोबाइलवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघू लागला. इंग्रजी बेताचं, पण गाडीखाली झोपलेला माणूस काय म्हणतो ते त्याला कळायचं. त्यातून उलगडलं की या गाडीचं तेल इंजिन बंद करून बघायचंच नसतं, बंद केलं की ते खाली उतरून पट्टीवर जास्त दिसतं. गाडी फिरवून गरम करायची, दांडा पी वर, इंजिन चालू, तेव्हा बघायचं. आम्ही बघितलं. तेल पट्टीच्या जेमतेम टोकाला. लाल असायला हवं ते तपकिरी, वासाला करपलेल्या भातासारखं. ते काढलं, जाळी साफ केली, नवं भरलं. पुढे जाण्याचा धक्का निम्म्यावर आला, रिव्हर्स मात्र नाहीच. मग मी, गावच्या नाटकांतला नामांकित नट, लुंगी नेसून गाडीखाली आडवा झालो आणि विनू वरून दांडा हलवू लागला. "हलते का सळई?" "थोडी हलते." "थोडी म्हणजे किती?" "माझ्या बायकोचं मन हलतं तेवढी." दांड्याच्या सळईला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बुशचा चुरा झाला होता. वर आर दिसत होता, खाली सळई तिथपर्यंत पोचतच नव्हती. लेथवाल्याकडून नायलॉनचं नवं करून आणलं. त्या संध्याकाळी विनूनं दांडा आर वर टाकला, गाडी दचकली आणि मागे निघाली. वाडीच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत तो उलटी गाडी नेत गेला, मान मागे वळवून, एका हातानं. उषावहिनी ओट्यावरून ओरडत होत्या, "अहो, पुरे. शेजारी बघतायत." म्हणून तर तो थांबत नव्हता.

ते सुख टिकलं नाही. गिअरबॉक्स आतून झिजलेलाच होता, आणि विनूचं हृदयही. शेवटचा भेटलो तेव्हा दुपारची वेळ होती. तो शेडमध्ये गाडीत बसला होता. मी शेजारी बसलो. इंजिन चालू, दांडा डी वर, पाय ब्रेकवरून काढलेला. गाडी जागची हलत नव्हती. आम्ही वाट बघत राहिलो... "नवी घे की, आता ढिगानं मिळतात," मी म्हटलं. तो म्हणाला, "डॉक्टर नव्यात तरी बसू देतील का?" थोड्या वेळानं त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झाल्यावर माशांचा आवाज ऐकू यायला लागला.

नीलेश चांगला मुलगा आहे, हे मी मुद्दाम लिहितोय. बापाची गाडी भंगारात जाऊ नये म्हणून रजा टाकून तो ती तलासरीला जिग्नेशभाईकडे ओढून घेऊन गेला. परवा घेऊन आला. धुतलेली, चकचकीत, धक्का नाही, थांबणं नाही, फाटकातून थेट अंगणात. उषावहिनी हळदकुंकू घेऊन बाहेर आल्या. बॉनेटवर बोट टेकवलं, मग ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. नीलेश कौतुकानं दाखवत होता, "आई, हा नवा गिअर. आणि हा बघ, क्लच." वहिनी वाकल्या. खाली तीन पेडल होती. त्या एकदम म्हणाल्या,

"अरे, मग आता ह्यांनी चालवायची कशी?"