उपाशीपोटी दिलेले तीर्थ

आयुष्यभर स्तोत्रे म्हणणाऱ्या माणसाची श्रद्धा किती उथळ असू शकते, हे मला कोल्हापूरच्या वेशीवरील एका लहान सरकारी रुग्णालयात कळले. अंगणात पडून माझ्या पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले होते. सारा स्त्रीकक्ष एका परिचारिकेच्या भरवशावर, शौचालयात पाणी नाही, आणि भूल देणारे डॉक्टर केवळ शुक्रवारी येत. तो दिवस चुकला की पुढचा आठवडा तसेच पडून राहायचे. शेजारच्या खाटेवरील वृद्धा अशीच वाट पाहत गेली. तिची गादी उलटी करून त्याच गादीवर दुसरीला निजवलेले मी पाहिले होते.

शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रियेआधी पत्नीला पाणीही द्यायचे नव्हते. परंतु तीर्थ म्हणजे काही अन्न नव्हे, अशी माझी समजूत. अंबाबाईच्या देवळातून आणलेले पंचामृत मी ग्लानीत असलेल्या तिच्या मुखात तीन पळ्या घातले. थोड्या वेळाने कक्षातील आया, लताबाई, तिचे कपडे बदलण्यास आल्या.

"आजोबा, ओठाला हे दुधाचं काय हाय? काय पाजलंसा?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी ओठावरचे दूध बोटाने टिपून मला दाखवले. "तुम्हीच सांगा डॉक्टरास्नी. भूल दिल्यावर उलटी छातीत गेली, तर देव बी काय करंल?"

सांगितले तर आठवडा जाणार होता. न सांगितले तर कदाचित ती. स्ट्रेचर आले. मी देवीला आळवू लागलो, पण एकही शब्द आठवेना. लताबाईंनी मात्र स्ट्रेचरची दांडी धरून ठेवली होती. त्या ते हलू देईनात. अखेर मी भूल देणाऱ्या डॉक्टरांपाशी जाऊन सारे सांगितले.

"शिकल्यासवरल्या माणसानं असं करायचं?" त्यांनी कागद मिटले. दुपारी त्यांना दुसऱ्या तालुक्यात जायचे होते. "आता पुढच्या शुक्रवारी."

ग्लानी उतरल्यावर पत्नी इतकेच म्हणाली, "मला विचारायचं तरी."

त्या आठवड्यात पडून पडून तिची पाठ फुटली, जखम झाली. लताबाई कामाची पाळी संपल्यावरही थांबून तिला कुशीवर वळवीत, आणि कसे वळवायचे ते मला शिकवीत. पुढच्या शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. ती वाचली, चालणे मात्र अजून दोन पावलांपुरतेच आहे.

मी त्या सकाळी देवीला शरण गेलो नव्हतो. तिने माझ्या घाईने चालावे, एवढाच माझा हट्ट होता. तिने मला थांबवले ते स्ट्रेचरची दांडी धरलेल्या ज्या हाताने, त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पत्नीच्या पाठीची जखम अद्याप भरलेली नाही. पहाटे स्नान झाले की मी प्रथम ती धुतो, कोरडी करतो, पट्टी बांधतो. पूजेला उशीर होतो. देवी थांबते.