डाव्या पायाचा खड्डा

माझ्या मेहुण्याने अकरा वर्षं देशाकडून वेगवान गोलंदाजी केली. त्याने किती बळी घेतले, ते वर्तमानपत्रांत छापलेलं आहे. मला पाठ नाही. मी मैदानावरचा कामगार. छत्तीस वर्षं रोलर ओढला, पाणी मारलं, गवत कापलं आणि गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे संध्याकाळी भरले. मला तो कळला तो खड्ड्यांतून.

पहिला खड्डा कंपन्यांच्या सामन्यातला. घमेलं घेऊन गेलो, तर एका जागी मूठ मनगटापर्यंत आत गेली. टाचेची कड सुरीने कापल्यासारखी.

"हा कोणाचा?" मी पंचांना विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. बाकावर शिडीसारखा एक जण बूट काढत बसला होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वय एकोणीस. घरी सांगून आला होता, गोदामात पोती उचलायला जातोय म्हणून.

"भाऊजी, ताईला सांगू नका."

"आधी खड्डा भर. मग बघू."

त्याने सगळी माती एकदम ओतली आणि पायाने दाबली. मी उकरायला लावली. एकदम ओतली की वरून छान दिसतं, आत पोकळ राहतं. माती मुठीत दाबून ओल बघायची. थर दोन बोटांचा. लोखंडी धुमसाने ठोकायचं, मगच पुढचा थर. तिसऱ्या खेपेला जमलं त्याला.

घरी कळायचं ते कळलंच. "एवढा वाढलास तो पंख्यावरची धूळ पुसायच्या कामाचा," त्याची ताई म्हणाली, "आणि हा निघाला चेंडूमागे!" पण त्याचे पांढरे कपडे शेवटपर्यंत तिनेच धुतले. कोणाला हात लावू दिला नाही.

पुढे तो परदेशी जाऊ लागला. परत आला की आधी आमच्याकडे. बूट धुवायचे नाहीत, हा आमचा करार. दुपारी मी पायरीवर बसून बुटांच्या खिळ्यांमधली वाळलेली माती काडीने कोरून काढायचो. कुठली राखाडी, कुठली विटेसारखी लाल, कुठली इतकी काळी की तळहातावर निळसर डाग राहायचा. तो बाजूला डोळे मिटून आडवा. बोलायचा मात्र.

"त्या मैदानावरून समुद्र दिसतो, भाऊजी. वळलो तेव्हा एक जहाज होतं. षटक संपलं तरी तिथंच. मला वाटलं, ते थांबलंय आणि आपणच सरकतोय."

कधी धुक्याचं सांगायचा. आधी फलंदाजाचे पॅड दिसतात म्हणे, माणूस नंतर उगवतो.

"आणि शेवटच्या चार पावलांत काही ऐकू येत नाही. एवढी माणसं ओरडत असतात, आणि आपण पाण्याखाली असल्यासारखे. पाय आपटला की आवाज परत येतो."

मी माती चिमटीत चोळत ऐकायचो. गाव न सोडता मी त्या पायरीवरून बऱ्याच देशांत जाऊन आलो. ऊन भिंतीवरून कधी उतरायचं, कळायचं नाही. आतून हाक यायची, "मातीच खाणार आहात दोघं, की जेवायला वाढू?"

अकराव्या वर्षी डाव्या बुटाला माती फक्त बाहेरच्या खिळ्यांत होती. आतले खिळे स्वच्छ.

"हे काय?"

"तिकडे पाऊस होता."

"एकाच कडेला?"

तो हसला. बूट उचलून पिशवीत टाकले. असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

महिन्याभराने आमच्याच मैदानावर पाच दिवसांचा सामना लागला. त्याचा पाय इतरांपेक्षा वीतभर बाहेर पडायचा, त्यामुळे त्याचा खड्डा वेगळा ओळखू यायचा. पहिल्या दिवशीच्या खड्ड्याला टाच होती. चौथ्या दिवशी टाचच नव्हती. तळ तिरका, बाहेरची कड ढासळलेली. घोटा वाचवायला तो पाऊल वाकडं टाकत होता. मी घमेलं घेऊन तिथे उभा असताना तो आला. लोक बघत होते म्हणून सरळ चालत आला.

"भरताना बाहेरची कड बोटभर उंच ठेवा. पायाला आधार होईल."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"हाडाला चीर आहे. संघाला माहीत नाही." तो खाली बघत बोलत होता. "पुन्हा जोरात आपटला, तर चालायला काठी लागेल म्हणतात. पण उद्या बसलो, तर पुन्हा कोण बोलावणार, भाऊजी? चौतीस झाली मला."

"सपाट म्हणजे सपाट."

"मेहुण्यासाठी बोटभर माती जड झाली?"

"मेहुण्याला माझी खोली देईन, अंथरूण देईन. खड्डा सगळ्यांसारखाच भरणार."

तो गेला.

त्या संध्याकाळी तो खड्डा भरला, तसा आयुष्यात दुसरा भरला नाही. सैल माती तळापर्यंत काढली. थर एकेका बोटाचे. प्रत्येक थराला चाळीस ठोके, मोजून. शेवटी पट्टी आडवी ठेवून पाहिली. खालून उजेड आला नाही. कड द्यावी असं मनात आलं नाही असं नाही. पण दिली असती, तर तो धावला असता.

सकाळी मैदानभर दव होतं. सगळं पांढरट, मधली खेळपट्टी तेवढी होडीसारखी तपकिरी. तो एकटाच आला, अनवाणी. एकोणीस पावलं मोजत मागे गेला. तिथून निघाला तो न धावता. चालत, अगदी सावकाश, हात मात्र धावताना हलतात तसे हलत होते. पांढऱ्यात त्याचे पाय दिसत नव्हते. क्रीजवर आला, डावं पाऊल बरोबर त्या जागेवर ठेवलं आणि उजवं उचललं.

मी मनात मोजू लागलो. चारला त्याच्या बोटांनी माती धरली. सहाला घोटा बाहेर कलला. सातला दुसरा पाय टेकला. त्याने पुन्हा करून पाहिलं. चारच झाले. तिसऱ्यांदा त्याने पाय उचलला नाही.

"छान बसवलाय," तो म्हणाला. "जराही हलत नाही."

"नाही हलणार."

"म्हणजे मीच हलतोय."

कठडा धरून, उघड लंगडत, तो पायऱ्या चढून कप्तानाकडे गेला.

सामना अनिर्णित राहिला. मी दिवसभर ती एक जागा बघत होतो. कोणाचा पाय तिथे पडला नाही. संध्याकाळी धुमसाच्या खुणा जशाच्या तशा होत्या.

तो मागे येऊन उभा राहिला. घोट्याला पट्टी.

"हे असंच राहणार?"

"सामना संपला. सगळं उकरायचं."

"द्या इकडे."

खाली बसून त्याने ती जागा स्वतः उकरली. बराच वेळ लागला. "कुठेच पोकळ नाही हो," म्हणाला. मग हात झटकले. "ताईला काय सांगायचं?"

"सांग, कामावरून आलो."

आता तो बावन्न वर्षांचा आहे. दुपारी येतो, काठीशिवाय, आणि पायरीवर आडवा होतो. परवा डोळे मिटूनच म्हणाला, "झोपेत पुन्हा धावलो."

"पाय दुखला?"

"टेकतच नाही, भाऊजी. नुसतं शांत असतं."