तिसरा सामना माझ्या मुलाचा होता

आमच्या गावच्या शाळेच्या सदर मास्तरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, माझ्या मुलाला फसवले. दोन सामने त्याला दुसऱ्याच्या नावावर खेळवले, तिसरा त्याच्या स्वतःच्या नावावर खेळवायचे कबूल केले, आणि बीडच्या मैदानावर त्याला बैलांपाशी पाठवून दिले. हे मी गावात पुष्कळदा बोललो आहे. मी बोलू लागलो की लोक पान लावायला घेतात. म्हणून आता लिहितो.

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात. बापामागे माझ्या वाट्याला एक लंगडा गोऱ्हा आला होता. पुढचे सगळे मी नेकनूर, केज, मोमिनाबादच्या बाजारांत उन्हात उभा राहून मिळवले. बैलाचा दात बघून त्याचे वय सांगेन आणि धन्याचे तोंड बघून त्याची गरज. माझे स्वतःचे तोंड मात्र तिखट आहे, आणि त्या तोंडापायीच मुलगा शाळेबाहेर राहिला.

सात वर्षांचा असताना त्याला शाळेत घातला होता. तेव्हा सरकारी भाषाच उर्दू, म्हणून शिकवणे सगळे उर्दूत. बाजारापुरती दखनी आम्हाला येत होती, पण पुस्तकातली भाषा निराळी. पोर मागच्या ओळीत गप्प बसायचे. एक दिवस कान सुजवून घरी आले. मी तसाच शाळेत गेलो, वाटेल ते बोललो आणि मेजावरची दौत मास्तरांच्या कागदांवर उलटी केली. ते मास्तर वर्षभरात बदलून गेले. मुलाचे नाव हाजिरीतून त्याच दिवशी खोडले गेले ते गेलेच.

मग त्याला बायकोने शिकवले. तिचे वडील एका देशमुखांकडे कारकून होते. त्यांनी लेकीला बाळबोध आणि मोडी दोन्ही शिकवले होते. लग्नाला तीन वर्षे होईपर्यंत ही गोष्ट तिने मला कळू दिली नव्हती. भाकरी थापताना ती पाढे म्हणून घ्यायची. मुलगा आणि धाकटी लेक जात्याशेजारी धूळपाटी घेऊन बसायची. दोघे चांगले शिकले. मलाही अक्षरे तिनेच शिकवली, पण ती या प्रकरणानंतर.

शाळा सुटली की पोरे आमच्या दारावरून कालवा करत जायची. मुलगा बोट धुळीत तसेच ठेवून बाहेर बघत राहायचा. "घरकोंबड्या, माय सोडती का खेळाया?" असे त्यातले एखादे ओरडायचे. माय सोडायची. गावाबाहेर माझे बैल बांधायचे मोकळे पटांगण होते, तिथे संध्याकाळी पोरे आट्यापाट्या खेळत. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला. आणि मधून एक उभी लांब पाटी. त्या उभ्या पाटीवर वरखाली धावून कुणालाही धरू शकतो तो सूर. माझा मुलगा सूर खेळायचा. पटांगण माझे म्हणून त्याला घेत होते, असे सुरुवातीला मला वाटे. पुढे एकदा बैलाला पाणी दाखवता दाखवता मी त्याचा खेळ बघितला, आणि पाणी पिऊन झालेला बैल तसाच धरून उभा राहिलो.

तो तेरा वर्षांचा असताना नवे सदर मास्तर आले. बारीक अंगाचे, सतत खोकणारे, पण पोरांना न मारणारे. त्या साली सुगीनंतर शाळाशाळांचे सामने ठरले होते. आधी गावात, मग मोमिनाबादेस, शेवटी बीडला. शाळेचा सूर हिवतापाने अंथरुणाला खिळलेला. मास्तर माझ्या ओट्यावर आले.

"तुमचा मुलगा चांगला खेळतो."

"लई चांगला खेळतो."

"दोन सामन्यांपुरता द्या. आमचं पोर तापानं पडलंय."

"हाजिरीत नाव न्हाई त्याचं. कसा खेळवनार?"

"त्या आजारी पोराच्या नावावर."

मी म्हणालो, "सरावाला पटांगण माजं. बीडला जायला गाडी-बैल माजे. दोन सामने तुमचे. पन तिसरा, बीडचा, माज्या लेकाचा. सोताच्या नावानं. तवर हाजिरीत नाव घाला."

तेवढ्यात तहसिलीतला कारकून दप्तर घेऊन ओट्यावर येऊन टेकला. मास्तर म्हणाले, "हळू बोला."

आमच्या बाजारात सौदा चारचौघांत तोंडाने करत नाहीत. हातावर उपरणे टाकायचे, खाली बोटे धरून आकडा सांगायचा. समोरच्याने उलट दाबले की सौदा पक्का. त्याला सही लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या बाजारी कोणी दावे हाती देत नाही. मी मास्तरांच्या हातावर उपरणे टाकले आणि तिसरा सामना म्हणून त्यांची तीन बोटे धरली. त्यांनी माझा हात दाबला.

घरात येऊन बायकोला सांगितले.

"कागुद केला का?" तिने विचारले. "मी हाय की लिवायला."

"हातावर झाला."

"मास्तर काय बैल इकाया आलते?"

मी तिच्यावर ओरडलो. तिचे बरोबर होते.

गावातल्या सामन्याच्या दिवशी हाजिरी झाली तेव्हा दुसऱ्याच्या नावाला 'हाजिर' म्हणताना मुलाचा आवाज फुटेना. शेजारच्या पोराने कोपर मारले तेव्हा म्हणाला. मोमिनाबादेस मोठ्याने म्हणाला. तिथे त्याने शेवटच्या डावात तिघांना धरले, आणि परतताना गाडीत त्याला मधोमध बसवण्यावरून पोरांची भांडणे झाली. कुणी अर्धा पेरू दिला. 'घरकोंबड्या' जाऊन 'सूरराव' झाले. आता पोरे दारावरून जाताना त्याला हाक मारून नेत, आणि तो धूळपाटी लाथाडून पळे. बायको ओरडायची, पण हसत.

"आबा, बीडला माजंच नाव पुकारतील ना?" तो रोज विचारायचा.

"पुकारतील," मी रोज सांगायचो.

बीडला निघालो त्या सकाळी वेशीवर ते आजारातून उठलेले पोर उभे होते. मास्तर म्हणाले, त्याला बीड बघायचे आहे. मी त्याला गाडीत कडब्यावर जागा केली आणि अशक्त आहे म्हणून माझी घोंगडी पाठीशी दिली. बैलाच्या धन्याचे तोंड वाचणारा मी, त्या दिवशी मास्तरांचे तोंड वाचले नाही. ते सबंध वाट पुढेच बघत बसले होते.

मैदानावर शामियाना होता, साहेब लोक होते. पोरे ओळीत उभी राहिली. माझा मुलगा धोतर खोचून शेवटी उभा राहिला. हाजिरी झाली. सुराच्या नावाला त्या घोंगडीतल्या पोराने 'हाजिर' म्हटले. वही मिटली. माझा मुलगा ओळीतच उभा. मास्तर आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तू जरा बैलांकडे बघ. परक्या जागी बुजतात."

माझे बैल ढोलताशात उभे राहिलेले. मुलाला ते माझ्याइतकेच ठाऊक होते. तो गेला. माझ्याकडे बघितले नाही.

मी मास्तरांना शामियान्यामागे गाठले.

"तीन बोटं धरलीवती. तुमी हात दाबला."

"मी फक्त हळू बोला म्हणालो होतो. कारकून बसला होता. तुम्ही हात धरलात, मला वाटलं धीर देताय. म्हणून मीही दाबला."

"आन हाजिरीतलं नाव?"

"खोडलेलं नाव घालायला वरून मंजुरी लागते. चौकशी झाली असती. आधीचे दोन सामने उघडे पडले असते. माझी नोकरी जाते हो. घरी सहा माणसं आहेत."

"मंग ह्ये गावातच कावून न्हाई सांगितलं?"

ते खोकले. मग म्हणाले, "तुम्ही गाडी दिली नसती."

या एका वाक्यावर माझी सगळी तक्रार उभी आहे. माझा हात म्हणजे नुसता धीर, असे ज्याला खरेच वाटले, त्याला गाडी अडण्याची भीती कशाला? तिसरा सामना कुणाचा ठरला होता हे त्यांना पक्के माहीत होते. माझा हात उठला होता. पण समोरचा माणूस नखशिखांत कापत होता, आणि अशा माणसाला मारता येत नाही. नोकरी जाण्याची धास्ती मी समजू शकतो. ज्याच्यामागे काही नाही त्याची धास्ती मला कुणी समजावून द्यायला नको.

शाळा जिंकली. मी सगळ्यांना गाडीत घालून परत आणले. पोरांचा काय दोष? ते तापातून उठलेले पोर वाटेत सरकत सरकत माझ्या मुलाजवळ आले आणि म्हणाले, "डाव तुजा व्हता बे." घरी मायने विचारले, "पुकारलं का नाव?" तो म्हणाला, "बैल न्हाई बुजले, माय." दुसऱ्या दिवशी पोरे दारात हाक मारायला आली. तो पाढे लिहीत बसला. त्यानंतर तो पटांगणात खेळायला म्हणून गेला नाही.

याला सोळा वर्षे झाली. खोटे नाव घ्यायला मी त्याला लावले, हा गुन्हा माझा. तो मी त्याच्यापुढे कबूल केला आहे. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा." माझ्याच्याने जाऊ देववत नाही. मास्तर आता नोकरीतून मोकळे होऊन केजला राहतात. बाजारात दिसले की अदबीने रामराम करतात, मी तोंड फिरवतो. आता नोकरी नाही, चौकशी नाही, कुणाची भीती नाही. शाळेला मिळालेल्या सनदेवरचे नाव बदला असे मी म्हणत नाही. मास्तर, माझ्या घरी या, मुलाच्या समोर बसा आणि त्याला सांगा: बीडला खेळवायचे नव्हते, तर त्याला त्या ओळीत उभे का राहू दिलेत? मला सांगू नका. त्याला सांगा.